सूज आणि बाळसे : वाढत्या पेढीच्या व्यवस्थेचा विचार

अंगावर आलेली सूज आणि अंगाने धरलेले बाळसे यांत पाहणाऱ्यास प्रथमदर्शनी फारसा फरक दिसत नाही. दोन्हींत आकार वाढतो. परंतु एकाच्या मुळाशी विकार असतो व दुसऱ्याच्या मुळाशी पचलेले अन्न असते. व्यापाराच्या वाढीसंबंधीही हेच म्हणता येईल. विक्रीचा आकडा दुप्पट झाला, दुसऱ्या गावी शाखा उघडली, गोदाम अपुरे पडू लागले व दुकानात संगणक आला, म्हणजे पेढी वाढली असे आपण समजतो. वास्तविक ही केवळ वाढीची बाह्य लक्षणे आहेत. वाढलेला व्यवहार पेढीच्या व्यवस्थेने पचविला आहे की नाही, हा खरा प्रश्न होय, आणि त्याचाच विचार आम्ही या लेखात करणार आहोत.

आपल्या बहुतेक पेढ्या घरगुती आहेत. आजोबांनी पेठेत एक गाळा घेऊन धान्याचा, कापडाचा किंवा भांड्यांचा व्यापार मांडला, वडिलांनी तो स्थिर केला, आणि आता नातवंडांच्या हाती तो वाढू पाहत आहे. एका गाळ्याचा कारभार मालकाच्या डोळ्यांवर चालतो. कोणते पोते कोणत्या थप्पीत आहे, कोणाकडे किती उधारी आहे, कोणाचा शब्द खरा व कोणाचा पोकळ, हे सर्व मालकाच्या व दिवाणजींच्या डोक्यात असते. दुसरा गाळा होताच हे डोळे अपुरे पडू लागतात, आणि तिसऱ्या गावी शाखा निघाल्यावर तर ते निरुपयोगीच होतात. डोळ्यांची जागा पद्धतीने घेतली नाही, तर तेथूनच सूज येऊ लागते.

वाढीचे गणित

प्रथम पैशाचाच हिशेब मांडून पाहू. समजा, एका पेढीतून खरेदीच्या भावाने रोज ६० हजार रुपयांचा माल विकला जातो. माल गोदामात सरासरी ३० दिवस राहतो, विकल्यावर वसुली ४५ दिवसांनी होते आणि माल देणाऱ्या व्यापाऱ्यास आपण १५ दिवसांनी पैसे देतो. म्हणजे आपला पैसा ६० दिवस अडकून राहतो. सोयीसाठी सर्व रकमा खरेदीच्या भावानेच धरल्यास अडकलेले भांडवल ३६ लाख रुपये होते. वर्षाचे दिवस ३६० धरले, तर वार्षिक व्यवहार २ कोटी १६ लाखांचा होतो. आणि खर्च वजा जाता शेकडा २ प्रमाणे नफा ४ लाख ३२ हजार रुपये उरतो.

आता हा व्यापार दुप्पट झाला असे समजू. अडकणारे भांडवल ७२ लाख झाले. जादा ३६ लाख रुपये शेकडा १० व्याजाने कर्जाऊ घेतल्यास व्याज ३ लाख ६० हजार होते. नफा दुप्पट, म्हणजे ८ लाख ६४ हजार झाला. व्याज वजा जाता हाती ५ लाख ४ हजार राहिले. पूर्वीपेक्षा ७२ हजार रुपये अधिक मिळाले. दुप्पट श्रमाच्या मानाने लाभ थोडा खरा, परंतु तो लाभच आहे.

परंतु व्यापार वाढविण्याच्या गडबडीत वसुलीकडे दुर्लक्ष झाले आणि ४५ दिवसांचे ६० दिवस झाले, तर काय होईल? पैसा ६० ऐवजी ७५ दिवस अडकेल, आणि रोज १ लाख २० हजारांच्या व्यवहारावर ९० लाख रुपयांचे भांडवल लागेल. कर्ज ५४ लाखांचे झाले, व्याज ५ लाख ४० हजार झाले, आणि हाती उरले ३ लाख २४ हजार. व्यापार दुप्पट झाला, धावपळ दुप्पट झाली, पेठेत नाव झाले, आणि प्राप्ती मात्र पूर्वीच्या लहान दुकानापेक्षा १ लाख ८ हजार रुपयांनी कमी झाली!

या उदाहरणात कोणी लबाडी केलेली नाही, भाव पडलेला नाही की चोरीही झालेली नाही. केवळ १५ दिवसांची ढिलाई झाली, इतकेच. ही ढिलाई दुकानात कोणास दिसत नाही, कारण गल्ल्यात रोज पूर्वीपेक्षा अधिक रक्कम जमा होत असते. ती दिसण्यासाठी उधारीचा हिशेब दिवसांनुसार मांडावा लागतो. ३० दिवसांच्या आतील येणे किती, ४५ पर्यंतचे किती, त्यापुढचे किती, हे दर आठवड्यास समोर असावे. व्यापार वाढविण्यापूर्वी करावयाचे हे पहिले काम होय.

बेळगावातील एक उदाहरण

वाढीची पावले कशी टाकावीत, याचे एक उदाहरण आमच्या बेळगावातच घडले आहे. लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनी १८८८ साली येथे सायकलींचे दुकान काढले. पुढे शेतीच्या अवजारांकडे त्यांचे लक्ष गेले व १९०३ साली त्यांचा लोखंडी नांगर तयार झाला. हा नांगर सुधारलेला असूनही शेतकऱ्यांनी तो प्रथम स्वीकारला नाही. लोखंडाने जमीन बिघडेल अशी शंका लोकांच्या मनात होती. माल उत्तम असला तरी ग्राहकाचा विश्वास बसेपर्यंत थांबावे लागते, हा अनुभव त्यांना तेव्हा आला. त्यानंतर बेळगावातील जागा सोडावी लागली, आणि औंधच्या संस्थानिकांच्या आश्रयाने १९१० साली कुंडल रोड स्थानकाजवळच्या ओसाड माळावर किर्लोस्करवाडी वसली.

दुकानापासून वसाहतीपर्यंतच्या या प्रवासास २२ वर्षे लागली. एक पाऊल स्थिर झाल्यावर दुसरे टाकले गेले. माळावर केवळ यंत्रे बसविली गेली नाहीत. कारखान्याबरोबर कामगारांची घरे उभी राहिली, आणि कामाचा भार निरनिराळ्या जबाबदार माणसांकडे वाटून दिला गेला. वसाहतीच्या व्यवस्थेत बंधू रामूअण्णा यांचा मोठा वाटा होता. यंत्र, माणूस आणि जागा या तिहींची सोय एकदमच लावावी लागते, हा त्यातील बोध होय. आपण पुष्कळदा यंत्र आणतो व उरलेल्या दोहोंची सोय आपोआप लागेल असे गृहीत धरतो.

यंत्राचा दोष की क्रमाचा?

असे गृहीत धरल्यास काय होते, याचे एक प्रसिद्ध उदाहरण अमेरिकेतील आहे. पेनसिल्व्हेनिया राज्यातील हर्शी ही चॉकलेटची जुनी व मोठी कंपनी. हिने सुमारे ११ कोटी २० लाख डॉलर खर्चून मागणी, उत्पादन, साठा व रवानगी या सर्वांसाठी नवी संगणक-व्यवस्था घेतली. कामास चार वर्षे लागतील असा अंदाज होता. परंतु २००० सालाच्या आरंभी जुने संगणक बंद पडतील या त्या काळच्या भीतीमुळे ते ३० महिन्यांत उरकण्याचे ठरले. निरनिराळ्या तीन प्रणाली एकाच वेळी सुरू झाल्या, आणि त्याही जुलै १९९९ मध्ये, म्हणजे हॅलोविनच्या सणासाठी दुकानदारांच्या मोठ्या मागण्या येऊ लागतात नेमक्या त्या दिवसांत.

परिणाम असा झाला की, सुमारे १० कोटी डॉलरच्या मागण्या कंपनीस वेळेवर पुरविता आल्या नाहीत. येथे लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही की, माल नव्हता असे नाही. माल तयार होता, गोदामात पडून होता. परंतु तो ग्राहकापर्यंत जाईना. पुढे चिकित्सा करणाऱ्यांनी जी कारणे दाखविली त्यांत एक असे होते की, सणाच्या गर्दीत माल जेथे जागा मिळेल तेथे ठेवण्याची कंपनीत जुनी वहिवाट होती. त्या जागा माणसांस ठाऊक होत्या, नव्या यंत्रास ठाऊक नव्हत्या. ज्या जागेची नोंद नाही, तेथील माल यंत्राच्या दृष्टीने अस्तित्वातच नसतो.

याच कंपनीने २००२ साली आपली प्रणाली पुन्हा सुधारली. या वेळी चाचण्या कसून घेतल्या, आणि काम ठरल्या मुदतीच्या आत व ठरल्या खर्चाच्या आत पुरे झाले. पहिला दोष यंत्रापेक्षा क्रमाचा होता, हे यावरून स्पष्ट होते.

आमच्या गोदामातील मूग

परदेशच्या मोठ्या कंपनीचा हा वृत्तान्त आम्ही पुष्कळ वर्षांनी वाचला आणि वाचता वाचता खजील झालो. कारण तीच चूक लहान प्रमाणावर आमच्या हातून होऊन गेली होती. आमचा व्यापार कडधान्याचा. १ जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा कर लागू झाला, आणि त्याच वर्षी आम्ही गोव्यात म्हापशास शाखा उघडली व दोन्ही ठिकाणी संगणकावर हिशेब सुरू केला. तीन नव्या गोष्टी एकाच हंगामात! गोदामातील शिल्लक मोजून यंत्रात भरण्याचे काम आम्ही दोन तरुण मुलांवर सोपविले. त्यांनी दिसल्या तेवढ्या थप्प्या मोजल्या. आमचे वृद्ध दिवाणजी त्या वेळी डोळ्याच्या शस्त्रक्रियेसाठी रजेवर होते.

पावसाळ्याच्या अखेरीस यंत्राने मुगाची शिल्लक शून्य दाखविली. दिवाळीचे गिऱ्हाईक समोर उभे, म्हणून पेठेतून घाईने माल उचलून आम्ही मागणी भागविली. पुढे दिवाणजी परत आले. मूग विकत आणला असे ऐकताच ते काही न बोलता गोदामात गेले आणि त्यांनी मागच्या माळ्याकडे बोट दाखविले. उन्हाळ्यात जागा नव्हती म्हणून तेथे चढविलेली ८६ पोती तशीच होती, आणि सर्वांस भुंगा लागला होता. आमच्या चेहऱ्याकडे पाहून ते एवढेच म्हणाले, "मालक, मला कोणी विचारलेच नाही."

इतर व्यापाऱ्यास हा केवळ तोटा वाटेल. आपल्यास तो तेवढाच नसतो. तो मूग विकावा तर ग्राहकाशी प्रतारणा, उन्हात टाकावा तर जीवहिंसा, तेथेच ठेवावा तर शेजारच्या थप्प्यांस धोका. तिन्ही वाटा बंद होत्या. अखेरीस गावाबाहेर मळ्यातील एका पडवीत ती पोती वेगळी ठेवून दिली व सारा माल तोट्यात टाकला. रुपये वर्षभरात भरून निघाले. परंतु आपल्या निष्काळजीपणामुळे ८६ पोत्यांत असंख्य जीवांची उत्पत्ती झाली, हा सल गेला नाही. जुना माल आधी बाहेर काढावा, नवा मागे लावावा, हा गोदामाचा साधा नियम आम्ही व्यवहाराचा म्हणून पाळीत आलो होतो. तो अहिंसेचाही नियम आहे, हे त्या दिवशी समजले.

दिवाणजींच्या वाक्याचाही आम्ही पुष्कळ विचार केला. जुन्या माणसाच्या डोक्यातील ज्ञान हे पेढीचे भांडवल असते. यंत्र आले म्हणजे ते ज्ञान टाकाऊ झाले, असे तरुणांस वाटते. वास्तविक यंत्रात प्रथम भरावयाचे ते हेच ज्ञान होय. पुढील चार महिने दिवाणजी रोज एक तास बसून सांगत गेले व आमच्या मुलांनी ते लिहून घेतले. कोठे ओल येते, कोणत्या थप्पीखाली फळ्या हव्यात, कोणता ग्राहक पाडव्याला उधारी चुकती करतो, हे सर्व त्या वहीत आहे.

कायद्याचे उंबरठे

पेढी वाढते तसतशी ती कायद्याचे एकेक उंबरठे ओलांडते, व प्रत्येक उंबरठ्यावर व्यवस्थेची परीक्षा होते. १ एप्रिल २०१८ पासून आंतरराज्य मालवाहतुकीस ई-वे बिल लागू झाले. बेळगावाहून कोल्हापूर, म्हापसा वा मडगाव येथे माल धाडणे म्हणजे दुसऱ्या राज्यात धाडणे. म्हणून सीमाभागातील व्यापाऱ्यास याची विशेष दक्षता घ्यावी लागते. १ ऑगस्ट २०२३ पासून ५ कोटी रुपयांवर वार्षिक उलाढाल असणाऱ्यास दुसऱ्या नोंदणीकृत व्यापाऱ्याचे बिल ई-इन्व्हॉइसच्या पद्धतीने करावे लागते. ज्यांनी पेढीची कंपनी केली आहे, त्यांच्या हिशेब-प्रणालीत १ एप्रिल २०२३ पासून प्रत्येक फेरफाराची पुसता न येणारी नोंद राहणे आवश्यक झाले आहे.

देण्याच्या मुदतीचाही नियम आहे. २००६ च्या कायद्यानुसार सूक्ष्म व लघु उद्योगाचे पैसे लेखी करार असल्यास फार तर ४५ दिवसांत व नसल्यास १५ दिवसांत दिले पाहिजेत. आणि २०२३–२४ या आर्थिक वर्षापासून मुदत टळलेली अशी रक्कम प्रत्यक्ष दिल्या वर्षीच खर्च म्हणून वजा मिळते. म्हणजे वसुलीतील ढिलाई आता व्याजापुरती राहिली नाही. आपले येणे थकल्यामुळे आपण लहान कारखानदाराचे देणे थकविले, तर त्याचा भार प्राप्तिकरातही येतो.

उंबरठा जवळ आल्यावर धावपळ करण्यापेक्षा एक वर्ष आधीच तयारी केलेली बरी. ज्याची उलाढाल चार कोटींवर गेली आहे, त्याने पाच कोटींच्या पद्धतीने आजच बिले करावयास लागावे.

कामाचा क्रम

आता प्रत्यक्ष काय करावे, ते क्रमाने सांगतो. आमच्या मते आधी पद्धत, मग यंत्र, आणि त्यानंतर शाखा, असा क्रम असावा.

पहिली गोष्ट नावांची. एकाच मालास एक जण 'मोठा मूग' म्हणतो, दुसरा 'पॉलिश', तिसरा गावाच्या नावाने ओळखतो. प्रत्येक मालास एकच नाव व एकच अंक द्यावा. त्याचप्रमाणे गोदामातील प्रत्येक जागेस, माळा व पडवी यांसह, अंक द्यावा व तो भिंतीवर रंगवावा.

दुसरी गोष्ट चिठ्ठीची. चिठ्ठीवाचून एकही पोते हलू नये. जांगड गेलेला माल, नमुन्याचा माल, परत आलेला माल व रिकामे बारदान या चारही बाबतींत आपण 'मागून लिहू' म्हणतो, आणि बहुतेक घोटाळे येथेच होतात.

तिसरी गोष्ट अधिकाराची. शाखेवरील माणसाने किती रकमेपर्यंत उधारी द्यावी, भावात किती सूट द्यावी, हे लिहून द्यावे. अधिकार न देता जबाबदारी दिली तर माणूस प्रत्येक गोष्टीसाठी दूरध्वनी करतो. मर्यादा न घालता अधिकार दिला तर मालकास झोप लागत नाही. याचबरोबर काम थांबविण्याचाही अधिकार असावा. जपानचे साकिची टोयोदा यांच्या १९२४ सालच्या स्वयंचलित मागात सूत तुटताच माग आपोआप थांबे, त्यामुळे सदोष कापड पुढे विणले जात नसे. इचलकरंजीच्या मागवाल्यांस याचे महत्त्व सांगावयास नको. गोदामातही नोंद व माल जुळत नसेल, तर हमालीवरील मुकादमास रवानगी थांबविता आली पाहिजे, आणि त्याबद्दल त्यास बोलणी बसता कामा नयेत.

चौथी गोष्ट मोजणीची. वर्षातून एकदा दिवाळीस सारे गोदाम मोजण्यापेक्षा रोज दहा जिनसा मोजाव्यात व नोंदीशी ताडून पाहाव्यात. रोजमेळ जसा त्याच दिवशी मिळतो, तसा मालाचाही मेळ रोज मिळावा.

या चार गोष्टी कागदावर तीन महिने नीट चालल्या, म्हणजे मगच संगणक-प्रणाली घ्यावी. ती मंदीच्या हंगामात सुरू करावी. दिवाळी, लग्नसराई व मार्चअखेर हे दिवस कटाक्षाने टाळावेत. निदान दोन महिने वही व यंत्र दोन्ही चालवावीत, आणि दोहोंची शिल्लक सलग जुळल्याशिवाय वही मिटू नये. हिशेबाच्या प्रती तीन असाव्यात व त्यांतील एक दुसऱ्या इमारतीत असावी. त्या प्रतीवरून हिशेब पुन्हा उभा राहतो की नाही, याची चाचणी तीन महिन्यांतून एकदा घ्यावी. यंत्राचा परवलीचा शब्द एकाच माणसाकडे राहू नये, तसाच तो सर्वांकडेही असू नये.

शाखा कधी काढावी, याची आमची कसोटी साधी आहे. मालकाने पंधरा दिवस परगावी जावे व दुकानात दूरध्वनी करू नये. परत आल्यावर रोजमेळ मिळालेला, गोदामाची मोजणी जुळलेली व वसुली ठरल्याप्रमाणे झालेली आढळली, तर पेढी शाखेस योग्य झाली असे समजावे. न आढळल्यास, जे मोडले असेल ते आधी दुरुस्त करावे.

परिमाण

शेवटी एक विचार मांडून हा लेख पुरा करतो. वर सांगितलेले नियम आजच्या व्यवस्थापनशास्त्राचे आहेत. परंतु त्यांमागील वृत्ती आपल्यास परकी नाही. तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात व्रतांचे अतिचार सांगताना कूटलेखक्रिया, म्हणजे खोटे लेख करणे, हा सत्यव्रताचा दोष मानला आहे, आणि कमीअधिक मापे ठेवणे व मालात भेसळ करणे हे अचौर्यव्रताचे दोष मानले आहेत. हिशेबाची शुद्धता ही श्रावकाच्या आचाराचाच भाग होय. दिवसाच्या अखेरीस झालेल्या दोषांचे प्रतिक्रमण करणाऱ्यास दिवसाचा मेळ त्याच दिवशी घालण्याचे महत्त्व निराळे पटवून द्यावे लागू नये.

श्रावकाच्या व्रतांत परिग्रहाचे परिमाण आहे व दिग्व्रतही आहे. आपण किती जवळ बाळगावे व कोणत्या दिशेस किती दूर जावे, याची मर्यादा गृहस्थाने स्वतः ठरवावयाची असते. या व्रतांमुळे व्यापार खुंटतो असा आक्षेप कधी कधी तरुण मंडळी घेतात. आम्हांस तसे वाटत नाही. मर्यादा ठरविणारा मनुष्य निदान आपल्याजवळ काय आहे ते मोजतो, आणि जो मोजतो त्याच्या माळ्यावर ८६ पोती विसरून राहत नाहीत.

आमच्या व्यापारी बंधूंस एवढीच विनंती आहे की, येत्या पाडव्यास नव्या वह्यांचे पूजन करण्यापूर्वी एक दिवस गोदामात घालवावा. बरोबर घरातील तरुण मुलगा वा सून असावी, आणि पेढीतील सर्वांत जुना माणूस असावा. त्या जुन्या माणसास बोलू द्यावे व तरुणाने लिहून घ्यावे. शाखेचा व यंत्राचा विचार त्यानंतर करावा.